कॉर्विनची एकाहत्तर मतं

शुभा दाणीला कॉर्विन गावात सगळे 'मिस डॅनी' म्हणायचे. औषधाच्या दुकानाचा म्हातारा मालक रसेल, त्याने पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांना तशी ओळख करून दिली होती आणि तिनेही ती कधी दुरुस्त केली नाही. इंडियानातलं हे नदीकाठचं गाव, वस्ती जेमतेम सहा हजार. चौकात कोर्टाची दगडी इमारत, समोर बँक आणि बँकेला लागून 'कॉर्विन ड्रग'. नागपूरहून बी.फार्म. होऊन, लग्न करून शुभा इथे आली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. नवरा मोहन गावाबाहेरच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनायचे तिथे. पहिली तीन वर्षं शुभाने घरी बसून इथल्या परीक्षांचा अभ्यास केला, मग रसेलच्या हाताखाली लागली, आणि रसेलच्याने होईना तेव्हा दुकानच विकत घेतलं.

दुकान म्हणजे मालाच्या तीन रांगा, कोपऱ्यात ब्लडप्रेशर मोजायची खुर्ची आणि मागे औषधांचा उंच काउंटर. पुढच्या गल्ल्यावर ग्लेंडा. ग्लेंडा रसेलच्या वेळेपासूनची. केस लाल रंगवायची, चष्मा साखळीने गळ्यात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या आईच्या नावापासून ओळखायची. शुभाला मात्र ती 'शूबा' म्हणायची. दोघींचं वय एक, आणि उभ्या उभ्या सँडविच खायची सवयही एक.

कोणाच्या घरात काय चाललंय हे शुभाला कधीकधी घरच्यांच्याही आधी कळे. गोळी बदलली, डोस वाढला, झोपेचं औषध सुरू झालं, सगळं तिच्याच हातून जायचं. पण ते तिने कधी काउंटरच्या पुढे येऊ दिलं नाही. मोहन एखाद्या वेळी विचारायचा, "आमचा तो फोरमन आजारी आहे का गं?" ती म्हणायची, "त्यालाच विचार." मोहन हसून सोडून द्यायचा. गावाने तिला आपलं मानलं ते या एका गोष्टीमुळे, असं तिला मनातून वाटे, आणि ते खरंही होतं.

२०१८ साली राज्य सरकारने त्या भागात एका कॅसिनोला परवाना द्यायचं ठरवलं. कंपनीने जागा पाहिली ती कॉर्विनची, नदीकाठच्या जुन्या वीटभट्टीची. कायद्याप्रमाणे आधी काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, लोकांचं मत घ्यायचं होतं. नोव्हेंबरच्या मतदानात बॅलटवर हा एक प्रश्न असणार होता: कॅसिनोला परवानगी द्यायची, हो की नाही.

उन्हाळ्यापासूनच घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या उगवल्या. साडेसहाशे नोकऱ्या, नवा रस्ता, शाळेला पैसा. ग्लेंडाच्या एप्रनवर 'येस' लिहिलेला बिल्ला आला. तिची मुलगी, केली, तेवीस वर्षांची होती, पदरात दोन वर्षांचं पोर आणि नवरा पळालेला. ती एका गोदामात रात्रपाळी करायची.

"तिला दिवसाची नोकरी मिळेल, इन्शुरन्स मिळेल," ग्लेंडा म्हणाली. "जुगार वाईट हे मला कळत नाही का? पण शूबा, या गावात आता चांगलं असं उरलंय काय, निवडायला?"

शुभाने मान डोलावली. तिचं मत 'नाही' असं होतं, पण ते ती बोलली नव्हती. मोहनने घरी बजावूनच ठेवलं होतं. "हे बघ, कारखान्यातले निम्मे लोक एका बाजूला, निम्मे दुसऱ्या बाजूला. आपण यात पडायचं नाही. दुकान चालवायचं आहे आपल्याला."

सप्टेंबरात हायस्कूलच्या जिममध्ये सभा झाली. शुभा नुसती ऐकायला गेली होती. कंपनीचा माणूस तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. पडद्यावर चित्रं दाखवत होता: नदीवरचे दिवे, हॉटेल, गाड्यांनी भरलेला चौक. त्या चौकाच्या चित्रात 'कॉर्विन ड्रग'ची पाटी होती आणि दारातून माणसांची रांग बाहेर आली होती. "ही दुकानं पाहा," तो म्हणाला. "यांचं गिऱ्हाईक दुप्पट होईल."

तिला कोणी विचारलं नव्हतं. आपल्या दुकानाचं चित्र, आपल्या दारातली खोटी रांग. शुभाला एकदम झोंबलं. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ती उठून मायक्रोफोनपाशी गेली, आणि तिथे पोचेपर्यंत काय बोलायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

"हे जे पैसे येणार, ते कोणाच्या खिशातून?" तिने विचारलं.

"पर्यटकांच्या, मॅडम. शिकागो, इंडियानापोलिस."

"शिकागोच्या जवळ त्यांचे कॅसिनो आहेत. ते इथे कशाला येतील? इथे इथलेच लोक येणार. मी त्यांना ओळखते." जिममधल्या माना तिच्याकडे वळल्या. तिला धीर आला. "माझ्याकडे एक माणूस येतो. महिन्याच्या गोळ्या तो दोन महिने पुरवतो, अर्ध्या मोडून. हृदयाच्या गोळ्या आहेत त्या. परवडत नाहीत म्हणतो. आणि माझ्या दुकानातून निघाला की समोरच्या पंपावर जातो, लॉटरीची स्क्रॅच तिकिटं घेतो आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून नाण्याने घासत बसतो. मला खिडकीतून दिसतं. आज तो पाच तिकिटं घासतो. उद्या दारातच कॅसिनो आला तर तो त्या अर्ध्या गोळ्या तरी घेईल का?"

टाळ्या वाजल्या. उभं राहून वाजवल्या लोकांनी. कंपनीच्या माणसाने काहीतरी उत्तर दिलं, ते कोणी ऐकलं नाही.

त्या आठवड्यात तिचं बोलणं गावच्या साप्ताहिकात जसंच्या तसं छापून आलं. मग 'नाही'वाल्या, चर्चमधल्या चारपाच बायका दुकानात आल्या. त्यांना ते पोस्टकार्डावर छापून घरोघरी पाठवायचं होतं, तिच्या फोटोसकट. शुभाने एक दिवस विचार केला आणि हो म्हटलं. पांढरा कोट घातलेली, हात बांधून उभी असलेली मिस डॅनी काउंटीतल्या प्रत्येक टपालपेटीत गेली.

मोहनने ते कार्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावर बराच वेळ वाचलं. "बोलायचं नाही ठरलं होतं ना आपलं?" एवढंच तो म्हणाला.

"मी खोटं काही बोलले का?"

"नाही. खोटं काहीच नाही."

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी निकाल कळला. प्रश्न एकाहत्तर मतांनी पडला होता. आठ-नऊ हजारांत एकाहत्तर. हे काम पोस्टकार्डानेच केलं असं सगळे म्हणू लागले, जिंकलेले आनंदाने आणि हरलेले रागाने. शिकागोजवळ शॉमबर्गला राहणाऱ्या मुलीचा, सियाचा फोन आला. "आई, यू आर फेमस!" शुभा हसली. तिला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. बावीस वर्षं ज्या गावात तिने हळू आवाजात दिवस काढले, त्याने तिचं ऐकलं होतं. दुकानात येणारे तिचा हात हातात घेऊन बोलत. ग्लेंडाने 'येस'चा बिल्ला काढून ठेवला आणि दोन दिवस गप्प राहिली, तिसऱ्या दिवशी नेहमीसारखं बोलू लागली.

डिसेंबरात शुभाच्या लक्षात आलं की अर्ल प्रुइट गोळ्या न्यायला आलेला नाही. अर्ल म्हणजे एकटा राहणारा, साठीचा, पूर्वीचा रेल्वे कामगार. त्याची हिरवी पिकअप गावात सगळ्यांच्या ओळखीची. तिने फोन केला.

"अर्ल, तुझ्या गोळ्या संपल्या असतील."

"हो. मी हॅडलीच्या दुकानात नाव घातलंय. त्यांचा फोन येईल तुला, कागद पाठवून दे."

"गोळ्यांसाठी चौदा मैल जाणार तू?"

"माझी गाडी जाते चौदा मैल. बॉनेट अजून शाबूत आहे तिचं."

फोन ठेवल्यावरही शुभा तशीच उभी राहिली. ग्लेंडाने काउंटरपलीकडून पाहिलं आणि तिला न सांगताच कळलं.

"मी नाव घेतलं नव्हतं," शुभा म्हणाली.

"नाही घेतलंस," ग्लेंडा म्हणाली. "घ्यायची गरजच नव्हती. दररोज सकाळी पंपावर बॉनेटवर तिकिटं घासणारा या गावात दुसरा कोण आहे? त्या जिममध्ये तू वाक्य संपवायच्या आधी सगळ्यांना कळलं होतं, शूबा. तो मागे, दाराजवळ उभा होता."

तो तिथे होता हे शुभाला माहीत नव्हतं. गावापुढे उभं राहून तिने एका माणसाच्या गोळ्या मोजल्या होत्या, आणि मग त्याच गोष्टीची हजारो पोस्टकार्डं वाटली होती, एक त्याच्याही पेटीत. त्याने तक्रार केली असती तर तिचं लायसन्स अडचणीत आलं असतं. ती कितीतरी दिवस लायसन्स बोर्डाच्या पत्राची वाट पाहत राहिली. ते आलं नाही. अर्लने तक्रार केलीच नाही. तिने त्याला माफीचं पत्र लिहिलं, तीनदा फाडून चौथ्यांदा पाठवलं. त्याचंही उत्तर आलं नाही.

परवाना वाया जाणार नव्हताच. तो शेजारच्या काउंटीत गेला, हॅडलीला. तिथे पुढच्या वर्षी मतदान झालं आणि लोकांनी भरघोस मतांनी हो म्हटलं. मधे साथीचं वर्ष आलं म्हणून बांधकाम लांबलं, पण कॅसिनो उभा राहिला. कॉर्विनपासून चौदा मैलांवर, दोन पदरी रस्त्याने सरळ.

मग जे झालं ते हळूहळू झालं. चौकातलं जेवणाचं हॉटेल आधी बंद पडलं. स्वयंपाकी आणि वाढणाऱ्या बाया हॅडलीला जास्त पगारावर गेल्या आणि मालकाला माणसं मिळेनात. कॅसिनोत बुधवारी वयस्कर लोकांना स्वस्तात जेवण असे, त्यामुळे बुधवारी चौक ओस पडायचा. हॅडलीच्या शाळेला नवं छप्पर मिळालं, नवी बंबगाडी आली. कॉर्विनच्या वाट्याला रस्त्यावरची रहदारी आणि दोन मोठे अपघात आले. ज्यांना जुगार खेळायचा होता ते खेळतच होते, फक्त पेट्रोल जाळून. कर मात्र हॅडलीला. दुकानात हे कोणी तिच्या तोंडावर बोललं नाही. कधीकधी कोणी नुसतं म्हणायचं, "हॅडलीत बघा कसं झालंय," आणि गप्प व्हायचं.

कॅसिनोच्या रस्त्यावर, गावोगावी शाखा असलेल्या एका मोठ्या साखळीचं औषधाचं दुकान उघडलं. गाडीतून न उतरता औषध मिळायचं तिथे. 'कॉर्विन ड्रग'ची गिऱ्हाइकं दर महिन्याला थोडी थोडी गळू लागली. बरं, विमा कंपन्या औषधाचे पैसे इतके कमी देत की काही बाटल्या शुभा तोट्यात विकत होती. ते आधीपासूनच होतं, पण आता ते झाकायला दुसरी विक्री उरली नाही.

एका दुपारी ग्लेंडाने गल्ला बंद केला आणि ती मागे आली. एप्रन काढून हातात घेतलेला.

"मला कॅसिनोत नोकरी लागलीय," ती म्हणाली. "कॅशियर. केलीने सांगून ठेवलं होतं."

केली वर्षभरापासून तिथे होती. पत्ते वाटायची. तिने हॅडलीत छोटं घर भाड्याने घेतलं होतं आणि पोराला तिथल्याच शाळेत घातलं होतं.

"मी पगार वाढवते," शुभा म्हणाली.

"कुठून वाढवशील? तुझी वही मीच लिहिते, शूबा." ग्लेंडा खुर्चीत बसली, ब्लडप्रेशरच्या. "मला इन्शुरन्स पाहिजे. माझा गुडघा गेलाय. तुझ्याकडे तो मिळत नाही, आणि मी कधी मागितलाही नाही."

"तुझा राग आहे माझ्यावर? त्या मतदानाचा?"

ग्लेंडाने विचार केला. तिला उगाच गोड बोलता यायचं नाही. "होता. ते इथे झालं असतं तर मी चालत कामाला गेले असते. चौदा मैल बर्फात गाडी चालवायला लागली नसती. पण राग किती दिवस धरणार? तू चांगल्यासाठी बोललीस. फक्त तू बोललीस ते आमच्याबद्दल बोललीस, आणि तू काउंटरच्या मागे उभी होतीस."

संध्याकाळी दोघींनी मिळून ग्लेंडाचं सामान खोक्यात भरलं. सव्वीस वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं. ग्लेंडाने जाताना तिला मिठी मारली, घट्ट, पण लवकर सोडली.

पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला. काम मेक्सिकोत नेलं म्हणाले. मोहन एकसष्ट वर्षांचा होता. शेवटच्या दिवशी तो डबा, मोजमापाची स्वतःची पेटी आणि एक घड्याळ घेऊन घरी आला, पेटी गॅरेजमध्ये ठेवली आणि हात धुऊन जेवायला बसला. शुभा वाट पाहत होती की आता तरी तो ते बोलेल. मतदानाच्या त्या उन्हाळ्यात कारखान्यात एक बोलवा होती, की वीटभट्टीपर्यंत नवा रस्ता झाला तर कंपनी इथे दुसरी लाइन टाकेल.

"तो रस्ता झाला असता तर..." शेवटी तिनेच विचारलं.

"काहून उकरून राहिली?" मोहन म्हणाला. एरवी तो असं नागपुरी बोलायचा नाही, थकला की बोलायचा. "पाच वर्षांपासून मशिन जात होत्या तिकडे. रस्त्याचा काही संबंध नाही."

"खरंच?"

"मला वाटतं, खरंच."

हे तो तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, का त्याला खरंच तसं माहीत होतं, ते तिला कळलं नाही. परत विचारायचं धाडस झालं नाही. आठ महिने तो घरी बसला, मग शॉमबर्गजवळच्या एका कंपनीत त्याला कंत्राटी काम मिळालं. सोमवार ते शुक्रवार तो सियाकडे राहू लागला. शुक्रवारी चार तास गाडी चालवून घरी यायचा, रविवारी परत जायचा.

"बाबा इज हिअर एनीवे," सिया फोनवर म्हणायची. "आई, जस्ट सेल इट. दुकान, घर, सगळं. तू एकटी काय करतेस तिथे?"

"घर घेतंय कोण इथलं?" शुभा म्हणायची. ते खरं होतं. दर चौथ्या घराच्या अंगणात विक्रीची पाटी होती, काहींच्या पाट्यांचा रंगही उडाला होता.

फेब्रुवारीत साप्ताहिकात अर्ल प्रुइटच्या निधनाची बातमी आली. हार्ट अटॅक, घरातच. शुभाने दुकान दोन तास लवकर बंद केलं आणि फ्युनरल होममध्ये गेली. माणसं थोडी होती. उघड्या शवपेटीतल्या अर्लला कोटात तिने पहिल्यांदाच पाहिलं. त्याची बहीण ओहायोहून आली होती, तिने शुभाचा हात हातात घेतला.

"तुम्ही फार्मसीवाल्या ना? तो सांगायचा तुमच्याबद्दल."

"काय सांगायचा?"

"की तुम्ही चांगल्या आहात. आमची आई आजारी होती तेव्हा तुम्ही तिची औषधं घरी नेऊन द्यायचात." बहिणीने आवाज खाली केला. "मी त्याला म्हणायचे, तिथेच जा, जवळ पडतं. तर म्हणायचा, मला तिथे जायची लाज वाटते. का ते त्याने कधी सांगितलं नाही."

सांगावं का, असं शुभाच्या मनात आलं. पण त्या बाईचे डोळे सुजलेले होते आणि मागे लोक उभे होते. ती "सॉरी" म्हणाली आणि बाजूला झाली. तो पूर्ण गोळ्या घेत होता का, हॅडलीच्या काउंटरवर त्याला कोणी विचारत होतं का, हे आता कळण्याचा मार्ग नव्हता. गाडीत बसल्यावर तिने इंजिन सुरू केलं आणि काचेवरचं दव जाईपर्यंत तिथेच बसून राहिली.

त्यानंतरच्या वसंतात अदिती नावाची मुलगी दुकानात आली. पुण्याहून इकॉनॉमिक्स करून आलेली, दोन तासांवरच्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होती. विषय होता दोन काउंटी: एक कॅसिनोला नाही म्हणणारी, एक हो म्हणणारी. जुन्या साप्ताहिकात तिला शुभाचं नाव सापडलं आणि आडनावावरून मराठी असल्याचं कळलं, म्हणून ती भलतीच खूश होती.

"काकू, मी दहाच मिनिटं घेते तुमची," ती म्हणाली आणि दीड तास बसली. शुभाने मागच्या खोलीत चहा केला. अदितीने विचारलं, शुभाने सांगितलं: किती दुकानं होती, किती उरली, कोण कुठे गेलं. अदिती भराभर टाइप करत होती.

शेवटी शुभानेच विचारलं, "तुझ्या आकड्यांत काय निघतं? आम्ही चूक केली का?"

अदितीने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "खरं सांगू का काकू? फार डिफरन्सच नाहीये. म्हणजे हॅडलीत नोकऱ्या आल्या, पण तिथलीही जुनी दुकानं बंद झाली, तुमच्यासारखीच. पगार थोडे वाढले, पण दिवाळखोरीच्या केसेसही वाढल्या, आणि त्या इथेही वाढल्या. कॉर्विनची लोकसंख्या तर २००५ पासूनच घटतेय. ही लाइन बघा ना. व्होटिंगच्या आधी, नंतर, उतार तोच आहे."

"म्हणजे मी बोलले काय आणि न बोलले काय, सारखंच?"

"गावापुरतं तरी... मे बी, हो." अदितीला वाटलं आपण चांगली बातमी दिली. तिने शुभाच्या हातावर हात ठेवला. "म्हणून तुम्ही गिल्टी वाटून नका घेऊ, काकू. एवढी वर्षं तुम्ही उगाच मनावर घेतलंत."

शुभाने मान हलवली आणि तिला लाडवांचा डबा दिला. मुलीची गाडी चौकातून वळून दिसेनाशी झाली तरी ती दारात उभी होती. इतकी वर्षं तिने मनात एक हिशेब मांडला होता: अर्लला दुखावलं हे खरं, पण ते गावासाठी होतं. गाव आणखी खड्ड्यात गेलं असतं, ते वाचलं. किंवा वाचलं नाही, पण वाचवायचा प्रयत्न तरी झाला. त्या एका गोष्टीच्या आधाराने ती झोपत होती. आता ती रेघ तिने डोळ्यांनी पाहिली होती. गावाला त्याने काही फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो एकाच माणसाला, आणि तो मेला होता.

हे तिने मोहनला सांगितलं नाही. काय सांगणार? शुक्रवारी तो दमून येई, शनिवारी छपराच्या पन्हळी साफ करी, गवत कापी, रविवारी जाई.

सप्टेंबरात साखळीवाल्यांचा माणूस आला. त्यांना दुकान नको होतं. फक्त तिची गिऱ्हाइकं हवी होती, म्हणजे औषधांच्या नोंदी. सही झाली की त्या रात्री सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवरून हॅडलीला जाणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉर्विन ड्रग बंद. शुभाने सही केली. शेवटच्या दिवशी बरेच लोक आले. कोणी केक आणला, कोणी फुलं. जे कित्येक महिने फिरकले नव्हते तेही आले, आणि असं दुकान आता पुन्हा होणार नाही म्हणाले. शुभाने सगळ्यांचे आभार मानले. ब्लडप्रेशरची खुर्ची चर्चने नेली.

करारात एक कलम होतं: तिला हवी असेल तर हॅडलीच्या दुकानात फार्मसिस्टची नोकरी. तिने ती घेतली. घर विकलं जाईपर्यंत, असं ती सियाला म्हणाली. मॅनेजर अठ्ठावीस वर्षांचा आहे, नम्र आहे. समोर एक पडदा असतो, त्यावर प्रत्येक औषधाला किती मिनिटं लागली ते दिसतं. मिनिटं वाढली की आकडा लाल होतो. कॉर्विनचे लोक गाडीच्या खिडकीतून येतात, तिला पाहून चमकतात, "अरे, मिस डॅनी!" म्हणतात, आणि मागच्या गाडीचा हॉर्न वाजायच्या आत निघून जातात. कोणाला थांबवून विचारावं, गोळी नीट घेताय ना, तर तेवढा वेळ नसतो. वेळ असला तरी ती आता विचारताना अडखळते.

एकदा केली आली, पोराच्या कानाचं औषध न्यायला. आता ती पत्ते वाटणाऱ्यांवर सुपरवायझर होती, केस कापलेले, अंगावर चांगला कोट. "आई तुमची आठवण काढते," ती म्हणाली. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं तिचं."

"कशी आहे ती?"

"चालते आता. हळू." केलीने पिशवी घेतली. "या ना कधी घरी."

"येते," शुभा म्हणाली. ती गेली नाही. दोन-तीनदा फोन हातात घेतला, एवढंच.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी तिने कामावरून येऊन पिठलं टाकलं, मोहनसाठी भाकरीचं पीठ काढलं, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"इकडे बर्फ पडून राहिला सकाळपासून. सिया म्हणते निघू नका. या आठवड्याला राहू देतो मी."

"बरं केलंस. रस्ते वाईट आहेत."

"घराला कोणी आलं होतं का बघायला?"

"एक जण आला होता. एजंट म्हणाली किंमत अजून कमी करा."

"कर मग."

"करते."

मागे सियाचा टीव्ही चालू होता.

"जेव तू," मोहन म्हणाला.

शुभाने फोन ठेवला. भाकरीचं पीठ पुन्हा डब्यात ओतलं, पिठलं भातावर घेतलं आणि ओट्यापाशीच उभ्याने जेवली. उद्या शनिवार असला तरी तिची पाळी सकाळची होती, आणि चौदा मैलांचा रस्ता गोठलेला असणार होता, म्हणून तिने गजर अर्धा तास आधीचा लावला.